गद्दार म्हणायच्या आधी जरा हिशेब मांडूया

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, फक्त शेवटपर्यंत वाचून द्या.

आठ दिवस झाले, कोल्हापुरात खड्ड्यांपेक्षा आणि पाण्यापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची आहे. आमच्या पेठेतला स्ट्रायकर समोरच्या तालमीकडं गेला. पोरगं तेवीस वर्षांचं. दोन्ही तालमींची आणि पोराची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी आगीत तेल ओतायला यायची गरज नाही.

नोंदणीच्या दिवशी दुपारी त्याचा सही करतानाचा फोटो फिरला. संध्याकाळपर्यंत तो 'गद्दार' झाला होता. दुसऱ्या दिवशी चौकातल्या फलकावरचं त्याचं तोंड कुणीतरी ब्लेडनं कापून काढलं. त्याचे वडील रिक्षा चालवतात. तिसऱ्या दिवशी स्टॉपवर त्यांना कुणी चहाला हाक मारली नाही. पंचवीस वर्षांची बैठक, एका सहीनं तुटली. सही पोरानं केली, शिक्षा बापाला.

आता पहिल्यांदा एक मान्य करतो. राग खोटा नाही. शाहू स्टेडियमवर ज्यानं डर्बी बघितली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं संघ म्हणजे कंपनी नव्हे, तालीम आहे. पेठ आहे, गणपती आहे, मयताला खांदा द्यायला येणारी माणसं आहेत. बारा वर्षांच्या पोराला ज्यांनी पहिले बूट घेऊन दिले, त्यांना तो विरोधी जर्सीत दिसला की पोटात तुटणारच. मलाही तुटलं. मीही त्याच पेठेतला आहे.

पण तुटणं वेगळं आणि 'गद्दार' म्हणणं वेगळं. गद्दारी व्हायला आधी करार लागतो. शब्द दिलेला लागतो, दोन्ही बाजूंनी. म्हणून विचारतो, आपण त्या पोराला कोणता शब्द दिला होता?

लेखी करार? नाही. विमा? नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये त्याचा गुडघा गेला, तेव्हा पहिल्या आठवड्यात घरी गर्दी होती. फळं आली, फोटो निघाले. ऑपरेशनचं बिल भरायला मात्र बापानं पतसंस्थेचं कर्ज काढलं. हप्ते अजून चालू आहेत. हे मला त्याच्या बापानं सांगितलेलं नाही, पतसंस्थेत जामीन राहिलेल्या माणसानं सांगितलं. समोरच्या तालमीनं काय देऊ केलं, तर वर्षाची ठरलेली रक्कम आणि एका कार्यकर्त्याच्या शोरूममध्ये कायमची नोकरी. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? इथं खोटं लिहू नका, मनातल्या मनात उत्तर द्या.

कट्ट्यावर एकानं मला सुनावलं, "पैशासाठी आईला सोडतोय व्हय कोण?" भावा, तू स्वतः पुण्याला कंपनी बदलून पगार दीडपट केलास तेव्हा आपण तुला पेढे मागितले होते. गद्दार नव्हतो म्हणालो.

आणि आपला अनिकेत जाधव? २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची छाती फुगली. पुढं तो जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा संघांतून खेळला. प्रत्येक वेळी आपण अभिनंदनाचे स्टेटस ठेवले. हजार किलोमीटरवर गेला तर प्रगती, आणि पाचशे मीटरवर गेला तर गद्दारी? नायजेरियाहून आणलेला खेळाडू एक सीझन इकडं, दुसरा सीझन तिकडं खेळतो. त्याला आपण 'प्रोफेशनल' म्हणतो. पेठेतलं पोरगं मात्र फुकटात निष्ठावंत पाहिजे.

आपल्यातले निम्मे लोक बार्सिलोना आणि रिअल माद्रिदच्या नावानं रात्री जागतात, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. लुईस फिगो. पाच वर्षं बार्सिलोनाचा लाडका. २००० साली फ्लोरेंटिनो पेरेझ रिअलच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि त्यांचं आश्वासन होतं, फिगोला आणतो. निवडून आले आणि जुलैमध्ये आणलाही. करारात सुटकेची जी रक्कम लिहिली होती, ती भरून. साधारण सहा कोटी युरो, त्या वेळचा जागतिक विक्रम. फिगो परत कॅम्प नोऊवर आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तर तो कॉर्नर घ्यायला गेला आणि स्टँडमधून बाटल्या आल्या, डुकराचं मुंडकं आलं. खेळ थांबवावा लागला.

ही गोष्ट आपल्याकडं चवीनं सांगतात, जणू काही तेच खरं प्रेम. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. चार वर्षं आधी, १९९६ ला, लुईस एन्रिके नावाचा खेळाडू रिअलमधला करार संपल्यावर थेट बार्सिलोनात आला होता. त्याच कॅम्प नोऊनं त्याला डोक्यावर घेतलं. तो पुढं कर्णधार झाला, आणि २०१५ ला प्रशिक्षक म्हणून त्यानं त्यांना तीन मोठे करंडक एकाच मोसमात जिंकून दिले. म्हणजे रस्ता तोच, फक्त तोंड कुणीकडं आहे यावर ठरणार की माणूस हिरा की डुक्कर!

आपण वेगळे आहोत का? तीन वर्षांपूर्वी समोरच्यांचा गोलकीपर आपण आणला. हलगी लावून, गुलाल उधळून. तेव्हा त्याच्या आईला तिकडच्या गल्लीत काय ऐकावं लागलं असेल, हे आपल्यापैकी एकाच्या तरी मनात आलं का? माझ्याही आलं नाही.

"पूर्वीचे खेळाडू असे नव्हते," असंही ऐकतोय. चुनी गोस्वामींचं नाव घेतात. खरं आहे, ते आयुष्यभर मोहन बागानलाच राहिले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या कप्तानीत भारतानं सुवर्ण जिंकलं. पण त्यांच्या हातात स्टेट बँकेची नोकरी होती. पोट भरलेलं असलं की निष्ठेला बळ येतं. आपल्या पोराला असं टेबल कुणी दिलं होतं?

आणि जाता जाता. याच राज्यात आमदार रात्रीत पक्ष बदलतात. कुठल्या एका पक्षाचं नाव घेत नाही, कुणीच सुटलेलं नाही. त्यांच्या विजयी मिरवणुकीत नाचणारेच आज एका रिक्षावाल्याच्या पोराला निष्ठा शिकवायला निघालेत.

आता मूळ मुद्दा. "आम्ही घडवलं, त्याचं काय?" हा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे आणि त्याला जगाकडं उत्तर आहे. फिफाच्या नियमात खेळाडूची विक्री झाली की रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा, तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबात वाढला, त्यांच्यात वाटला जातो. घडवणाऱ्याचा हक्क तिथं नेणाऱ्या क्लबाकडून वसूल होतो, खेळाडूच्या बापाच्या रिक्षास्टॉपवर नाही. असंच काहीतरी आपल्याकडं ठरवता येणार नाही का? नोंदणीवेळी साधा लेखी करार, मुदत किती ते स्पष्ट. तालीम सोडताना घडवल्याबद्दल ठरलेली रक्कम नव्या तालमीनं जुन्या तालमीला द्यायची. आणि प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा विमा, त्याशिवाय मैदानात पाऊल नाही. एका स्पर्धेच्या फटाक्यांच्या आणि डिजिटल फलकांच्या खर्चातून पोरांच्या गुडघ्यांची सोय होईल.

शेवटी माझं स्वतःचं. मी वीस वर्षं मॅचेस कव्हर केल्या. पत्रकारितेच्या पदविकेत शिकवलं होतं, मथळा लिहिताना ज्याच्याबद्दल लिहितोय तो माणूस समोर बसलाय असं समज. बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक पोरगा तालीम बदलून गेला आणि मी मथळ्यात 'गद्दारी' हा शब्द वापरला. पेपर हातोहात खपला. पुढच्या मॅचला त्याच्यावर बाटल्या आल्या, एक भुवईवर बसली. टाके पडले. त्या सीझननंतर तो खेळलाच नाही. आज बाजारात भेटला की हसून "काय सर" म्हणतो. भुवईवरची ती रेघ मला दिसते, त्याला मी दिसतो. माफी मागायचं धाडस आजवर झालेलं नाही.

म्हणून ही पोस्ट. पुढची डर्बी येईल. तो पोरगा विरोधी जर्सीत उतरेल. त्याला अडवा, त्याच्या पायातनं बॉल काढा, त्यानं चुकवला तर बोंबला, आपला गोल झाला तर हलगी फोडा. हक्क आहे तो. पण त्याच्या घरावर जाऊ नका.

आणि रिक्षा स्टॉपवरच्या दोस्तांनो, उद्या सकाळी त्या बापाला चहाला हाक मारा. मी येतोय सातला. पैसे माझे.