नाक्यावरच्या वहीवाल्या

लाँग वीकेंड, त्यातून सण, आणि बेत काशीदचा! मग अलिबाग सोडलं की वाटेत कुठेतरी बॅरिकेड लागणारच. काच खाली, लायसन्स दाखवा, डिकी उघडा, 'कुठून आलात?', 'जा.' दोन मिनिटांचा मामला. तरी आपली कोण चिडचिड! काशीदच्या सुरूंखाली चादर अंथरली की मात्र सगळं विसरायला होतं.

या किनाऱ्यावरचा पहारा उगाच नाहीये. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स याच रायगडात, शेखाडीला उतरलं. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७! घातपाताचा प्रकार दिसत नाही, असं सरकारने सांगितलं, पण तोवर जिल्हाभर नाकाबंदी लागली होती. अशा वेळी पोलिसांच्या मदतीला सागर रक्षक दल असतं. किनाऱ्यावरच्या गावांतलीच मंडळी. नोकरी नाही, हौसेने केलेलं काम. समुद्रावर नजर ठेवायची, अनोळखी बोट दिसली की कळवायचं.

पण सणासुदीला नाक्यावर उभं राहून नेमकं उलट्या बाजूला बघणारेही स्वयंसेवक असतात, माहितीये? जाणाऱ्या-येणाऱ्यांवर नाही, तर नाका चालवणाऱ्यांवर नजर! मला हे सापडलं इस्रायलमध्ये. आणि काशीदवरून इस्रायल वाटतो तेवढा परका नाही बरं का. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावला लागले, असं बेने इस्रायली सांगतात. तेलाचा घाणा, शनिवारी सुट्टी, म्हणून नाव पडलं 'शनवार तेली'. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण तिकडे गेले, जाताना मराठी आणि मलिदा बरोबर घेऊन.

तर तिथल्या काही बायकांनी २००१ मध्ये 'मख्सोम वॉच' सुरू केलं. हिब्रूत मख्सोम म्हणजे चेकपॉइंट. संघटना फक्त बायकांची, त्यातही बऱ्याचशा आजीच्या वयाच्या. पॅलेस्टिनी लोकांना अडवणाऱ्या नाक्यांवर दोघी-तिघींनी जाऊन उभं राहायचं. किती गेट उघडी, रांग केवढी, कोणाला परत पाठवलं, का पाठवलं, सगळं टिपायचं. अगदीच अडलं तर अधिकाऱ्यांना फोन लावायचा. आणि घरी गेल्यावर रिपोर्ट लिहून जाहीर करायचा.

त्यांची खरी कसोटी रमझानच्या शुक्रवारी. रामल्लाहहून जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीकडे जाताना कलंदिया नाका लागतो. २०२४ मध्ये वेस्ट बँकमधून पुरुष ५५ च्या पुढचे, बायका ५० च्या पुढच्या आणि मुलं दहा वर्षांखालची, एवढ्यांनाच परवानगी होती. तीही परमिट असेल तर. म्हणजे सत्तरीच्या आईला हात धरून आणणाऱ्या चाळिशीतल्या मुलाने गेटवरूनच मागे फिरायचं. नमाजाची वेळ काही रांगेसाठी थांबत नाही. ज्यूंच्या मोठ्या सणांना तर नाकेच बंद ठेवतात. एकाच्या घरी सण, शेजाऱ्याच्या दाराला कुलूप!

सैनिकांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. हे काम सुरू झालं त्या काळात इस्रायलमध्ये बसमध्ये, कॅफेत बॉम्ब फुटत होते. या बायकांनाही ते ठाऊक होतंच, त्यांची मुलंही त्याच बसने जायची. तरी त्या रांगेशेजारी उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवतोय, हे त्यांच्यातल्याच एकीने कॅमेऱ्यात टिपलं. त्याला वाजवायला लावलं की त्याने आपणहून वाजवलं, यावर वाद झाला. पण अख्ख्या इस्रायलला नाक्यावर काय चालतं ते बघावं लागलं.

या वहीमुळे नाका हटला का? नाही. स्वतःच्याच देशात 'गद्दार' मात्र ऐकावं लागलं. मला पटतं ते त्यांचं साधं गणित. नाका आपल्या सुरक्षेसाठी आहे ना? मग त्यावर कोणाचे किती तास गेले, याचा हिशेबही आपणच ठेवायचा. पहारा देणारे सगळीकडेच मिळतात हो. परत फिरलेल्या त्या मुलाची वेळ वहीत लिहिणारं कोणीतरी लागतं.