रेकॉर्डर बंद केल्यावर

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात शिकत असताना मी काही महिने दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या जीवनकथा नोंदवत होते. एका पंजाबी आजोबांनी दोन तास भरभरून सांगितलं. 1962च्या कायद्याने येण्यावर बंधनं आली, त्याच्या थोडं आधी ते पोहोचले. फाउंड्रीत रात्रपाळी केली, एकाच खाटेवर दोघं आळीपाळीने झोपले, गोऱ्या घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘महाराष्ट्राची म्हणजे बाबासाहेबांच्या लोकांतली का?’’ मी हो म्हटलं. वर्गात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

‘‘बेटा, आता ते बंद कर.’’

फोरमनला जात ठाऊक नव्हती. शेजारी काम करणाऱ्या आपल्याच मुलखातल्या माणसाने मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, गाव कुठलं, आणि गावात घर कुठल्या बाजूला? त्यानंतर त्याने यांच्या हातचा चहा घेतला नाही. वीस वर्षं शेजारी काम करूनही नाही. नातवंडांना यातलं काही माहीत नाही, आणि कळू नये असंच आजोबांना वाटतं.

संग्रहात गेलेल्या मुलाखतीत ते फक्त ‘भारतीय कामगार’ आहेत. आमच्या प्रश्नावलीत वंशद्वेषाबद्दल पानभर प्रश्न होते, जातीबद्दल एकही नव्हता. ब्रिटनच्या जनगणनेत 1991पासून वांशिक गट विचारतात. त्यातही ‘इंडियन’ म्हटलं की विषय संपतो.

याची किंमत मोजावी लागते. 2010च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची सरकारला मुभा होती. 2013च्या दुरुस्तीने ते बंधनकारक झालं. जुलै 2018मध्ये सरकारने ते बंधनच काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला आणि विषय न्यायालयांच्या निवाड्यांवर सोडला. ब्रिटनमध्ये जातिभेद उरलेलाच नाही, असं विरोधातल्या संघटना सांगत होत्या. रेकॉर्डर बंद करून सांगितलेली गोष्ट अशा वेळी कुणाच्या कामी येणार?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून बोलतं केलं, त्याचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989मध्ये आलं. काय विचारायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असणारे आज विद्यापीठांत आहेत, परदेशांत आहेत, हातात फोन आहे. तुमच्यातले बरेच जण. संशोधनाला परका विषय कशाला शोधायचा?

पण घाई नको. आजोबांकडे मी पुन्हा गेले. नाव, गाव, शहर गाळून लिहायला त्यांनी परवानगी दिली, म्हणून हे इथे आलं. एखादी मुलाखत ठरावीक वर्षं बंद ठेवता येते, हेही सांगणाऱ्याला आधीच सांगायला हवं. आम्ही सांगितलं नव्हतं.

‘तुमची जात कोणती?’ असं मी आजही विचारत नाही. तो प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेलाय. मी विचारते, इथे आल्यावर तुमचं गाव आणि आडनाव कुणी कुणी विचारलं, आणि त्यानंतर ती माणसं तुमच्याशी कशी वागली?