सेनापती आधी की फळी?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. नाव पायाचे आणि काम हाताचे! त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. आक्रमणाची चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत त्यालाच ठरवावे लागते. त्याच्यापुढे पाच आडदांड गडी भिंतीसारखे उभे राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवतात. भिंत ढासळली की क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर.

कॉलेजांतून येणाऱ्या खेळाडूंना संघ दरवर्षी पाळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत जास्त हरला, त्याला पहिला मान. न्याय म्हणून हे ठीकच आहे. परंतु मेख येथेच आहे. सर्वांत हुशार मुलगा सर्वांत मोडक्या घरात जाऊन पडतो, आणि सारे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतात. घरातला पहिला कॉलेजात गेलेला मुलगा असल्यामुळे हे पाहणे कसे असते ते मला ठाऊक आहे.

२००२ साली ह्यूस्टनच्या नव्या संघाला पहिला मान मिळाला. त्यांनी डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला आणि पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवला. भिंतीसाठी त्यांनी टोनी बोसेली हा नामांकित खेळाडू आणला होता; पण खांद्याच्या दुखण्यामुळे तो त्यांच्याकडून एकदाही खेळू शकला नाही. कारला त्या हंगामात ७६ वेळा लोळवण्यात आले. एका हंगामात इतका मार तोवर कोणत्याही क्वार्टरबॅकने खाल्ला नव्हता. पाच वर्षांनी, २००७ साली, संघाने त्याला मोकळे केले.

याउलट पेटन मॅनिंग पाहा. १९९८ साली इंडियानापोलिसने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले. त्या वर्षी संघ १६ पैकी १३ सामने हरला, मॅनिंगचे २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. पण लोळवला गेला तो अवघ्या २२ वेळा! कारण आदल्याच वर्षी त्या संघाने टारिक ग्लेन हा भिंतीचा गडी पहिल्या फेरीत घेऊन ठेवला होता. मॅनिंगला चुका करायला उसंत मिळाली. पुढच्या वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले.

कोणी म्हणेल, सगळे खापर भिंतीवर का? बरोबर आहे. मॅनिंगच्या पाठोपाठ निवडलेला रायन लीफ चार हंगामांतच संपला, आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. पैशाचाही मुद्दा आहे. २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन ठरीव झाले, त्यामुळे तरुण क्वार्टरबॅक काही वर्षे स्वस्तात पडतो. हे सारे मला मान्य आहे. पण वाचलेला पैसा भिंतीवर खर्च केला तरच त्या हिशेबाला अर्थ.

कॅन्सस सिटीचे उदाहरण म्हणूनच मला पटते. २०१७ साली हा संघ चांगला होता, त्याचा क्रमांक २७ वा होता. बफेलोला पुढच्या वर्षीची पहिली निवडसुद्धा देऊन त्यांनी दहावा क्रमांक मिळवला आणि पॅट्रिक महोम्सला घेतले. इतकी किंमत मोजूनही त्याला जवळजवळ वर्षभर बाकावरच बसवले! अनुभवी ॲलेक्स स्मिथ खेळत होता. महोम्स हंगामाचा शेवटचा एकच सामना खेळला. २०१८ च्या हंगामात तो साऱ्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ह्यूस्टनच्या जागी मी असतो, तर कारला मीही घेतले असते. तसा मुलगा दरसाल हाती लागत नाही. मात्र पहिले वर्षभर चेंडू एखाद्या मार खाऊन निबर झालेल्या जुन्या गड्याच्या हाती दिला असता, आणि कारला बाजूला बसून पाहू दिले असते. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या असत्या. त्या ऐकून घेतल्या असत्या.