गाडी आपली, मग पाना कुणाचा?

गेल्या महिन्यात माझ्या गाडीखाली काळा डाग दिसला. घरासमोरच्या फरशीवर रुपयाएवढा, रोज सकाळी नवा. हात लावून पाहिला, इंजिन ऑईल. गाडी २०१३ ची, पेट्रोल, सेकंड हॅण्ड. छोट्या शहरातल्या पत्रकाराच्या पगारात बसते तेवढीच.

सर्व्हिस सेंटरला नेली. गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारला आणि दहा मिनिटांत कागद हातात. अंदाजे खर्च ११,४०० रुपये. ऑईल सील, ऑईल चेंबरचं पॅकिंग, लेबर, वॉशिंग, वर जीएसटी. मी विचारलं, "नेमकं कुठून गळतंय?" उत्तर आलं, "सर, उघडल्याशिवाय सांगता येत नाही." म्हणजे आजार माहीत नाही, पण ऑपरेशनचं बिल तयार!

तिथून थेट विजापूर रोडला ओळखीच्या चाचांकडे गेलो. तीस वर्षं हात काळे केलेला माणूस. बॉनेट उघडलं, पण खाली वाकलेच नाहीत. म्हणाले, "ओ पत्रकारसाहेब, ऑईल खाली पडतंय म्हणून गळती खालीच असंल काय? स्लॅबमधनं पाणी शिरतंय कुठं अन् टपकतंय कुठं, बघितलंय न्हवं? आधी इंजिन पुसा, पावडर मारा, मग बघा. हे काम तुमी घरीच कराल की ओ. मला कशाला पैसे देता?"

मी चकित. धंदा घालवून शहाणपण देणारा माणूस आजकाल भेटतो कुठे?

रविवारी सकाळी इंजिन थंड असतानाच कामाला लागलो. सोलापूरचं ऊन, नऊच्या आत उरकायला लागतं. डिग्रीझर मारून इंजिन घासलं, सेकंडच्या टेरी टॉवेलच्या तुकड्यांनी कोरडं केलं. लेकीची टाल्कम पावडर शिंपडली आणि सात रस्त्यापर्यंत चक्कर मारून आलो. टॉर्चने पाहिलं तर पांढऱ्या पावडरीत एक ओली काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सरळ खाली उतरलेली. ज्या ऑईल सीलचे पैसे कागदावर लावले होते, तिथली पावडर कोरडी ठाक.

पॅकिंग ३८० रुपयांना मिळालं. इंजिन परत गार झाल्यावर संध्याकाळी इग्निशन कॉइल काढल्या, दहा नंबरच्या गोटी पान्याने बोल्ट सोडले, कव्हर उचललं. जुनं रबर उष्णतेनं आपल्या कडक भाकरीसारखं झालेलं. वाकवलं की तुकडा. खाच फडक्यानंच साफ केली, कारण पात्यानं खरवडलं आणि ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथूनच परत गळतं. नवं पॅकिंग बसवलं, जिथं दोन भाग जोडलेत त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका दिला. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळले. इथं ताकद दाखवायची नाही. जास्त आवळलं की आटे जातात आणि ३८० रुपयांचं काम खरोखरच हजारांवर जातं.

चाचांनी अजून एक सांगितलं होतं. इंजिनात साठणारा वायूचा दाब बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल, तर नवं पॅकिंगही टिकत नाही, दाबानं ऑईल बाहेर ढकललं जातं. तो काढून हलवला, आत खडखड वाजलं, म्हणजे चालू. शेवटी डिपस्टिकवर ऑईल पाहून घेतलं. कामाला लागले अडीच तास, खर्च ६०० रुपयांच्या आत. तीन आठवडे झाले, गाडीखाली रोज आमचाच पेपर अंथरून ठेवतो. बातम्या कोरड्या आहेत.

आता मुद्दा. हे माझं कौतुक नाही. मला जमलं कारण गाडी जुनी होती, पॅकिंग बाजारात मिळालं आणि चाचांनी हातचं राखलं नाही. यातलं एक जरी नसतं तर मी गुपचूप ११,४०० भरून आलो असतो. तुमच्यापैकी किती जण असे भरून येत असतील?

हा प्रश्न देशात आधीही उभा राहिलाय. २०११ मध्ये शमशेर कटारिया या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कंपन्यांचे सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्याच दारात अडकतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळाली पाहिजेत, असा आदेश दिला. बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नका, हेही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दंड कमी केला, पण दोष कायम ठेवला.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून गाड्यांसाठी असा कायदा आणला, आणि २०१४ मध्ये कंपन्यांना देशभर तशी सोय देण्याचा करार करावा लागला.

इकडे चाचांना विचारा. नवीन गाडी आली की ते हात वर करतात. "पाना हाय, डोकं हाय, पण कंपनीचा स्कॅनर न्हाय. गाडी उघडली तरी बोलत न्हाय." तीस वर्षांचं कसब एका पासवर्डपुढे अडून बसतं. गावोगावच्या गॅरेजवर किती घरं चालतात, किती पोरं तिथं हात काळे करत काम शिकतात, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजूही खरी आहे. प्रत्येक काम घरी करायचं नसतं. क्रँकचं मागचं सील बदलायला गिअर बॉक्स उतरावा लागतो, ते अंगणातलं काम नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कधीच शिरू नका. वॉरंटीतली गाडी आधी कंपनीलाच दाखवा. आणि ऑईल बदललंत तर जुनं ऑईल गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याच्या डब्यात नेऊन द्या.

पण निवड आपली असली पाहिजे. माझी मागणी साधी आहे: प्रत्येक कंपनीने दुरुस्तीचं पुस्तक, सुटे भाग आणि स्कॅनरची माहिती वाजवी दरात खुली करावी, आणि ते सक्तीनं व्हावं.

तोवर आपण तीन गोष्टी करू. कुठून गळतंय ते डोळ्यांनी दाखवा म्हणायचं. काढलेला जुना पार्ट परत मागायचा. पक्कं बिल घ्यायचं. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करायचा.

काल चाचांना पेढे द्यायला गेलो. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "साहेब, आता दुकानच टाका की." म्हटलं, नको चाचा, दुकान तुमचंच चालू दे. तेवढ्यासाठीच तर लिहितोय.