व्यापारनीती : अस्सल आणि नक्कल

कोकण किनारपट्टीच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाकडी फळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चितार आळीत चितारी कारागीर पांगाऱ्याचे हलके लाकूड कोरतात, घासतात आणि हाताने रंगवतात. पिकत्या आंब्याच्या देठाजवळचा हिरवा रंग पिवळ्यात कसा विरतो, हे त्यांच्या कुंचल्याला ठाऊक असते.

अशा फळाशेजारी यंत्राची स्वस्त नक्कल ठेवून दोहोंना ‘सावंतवाडीचे’ म्हटले, तर ग्राहक स्वस्त वस्तू उचलतो आणि कारागिराचा मुलगा नोकरी शोधू लागतो. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोट्या वजनमापाच्या जोडीलाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे. तराजू चोख ठेवणाऱ्या आपल्या पेढ्यांनी हा अतिचारही तितक्याच कसोशीने टाळावा.

नक्कल विकायचीच असेल, तर ती वेगळ्या फळीवर, नक्कल म्हणूनच विकावी. कारागिराचे पैसे महिनोन्‌महिने अडकवू नयेत. पुढचे लाकूड त्याला त्यातूनच घ्यायचे असते. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपल्या दुकानाची एक फळी आणि खात्याचे एक पान या दृष्टीने अवश्य तपासावे.