लग्नाला रजा, हनिमूनला "बघूया"

लग्नाची पहिली पत्रिका आपण कुळदेवाला ठेवतो, दुसरी ग्रामदेवतेला. तिसरी कोणाला ठेवावी हे कुठल्या पोथीत लिहिलेले नाही, पण नोकरी करणाऱ्या मुलांना विचारा. ती साहेबांच्या टेबलावर जाते आणि तिच्याखाली रजेचा अर्ज असतो. पहिल्या दोन ठिकाणी उजवा प्रसाद मिळतो. तिसऱ्या ठिकाणी मिळते ते "बघूया".

हे "बघूया" मला खटकते. रजा शेवटी बहुतेकांना मिळते. बोहल्यावरून उठून कोणी कामावर गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण ती मिळते कशी? चार वेळा केबिनमध्ये जाऊन, साहेबांचा मूड बघून, "सर, फक्त दहा दिवस" पासून "सर, निदान पाच" पर्यंत उतरत. मासळी बाजारात आपण एवढी घासाघीस करीत नाही! आणि एकदा मिळाली की तो उपकार होतो. पुढे वर्षभर कुठल्याही रविवारी कामाला बोलावणे आले की "तुला लग्नाला सोडला होता ना रे?" हे ऐकून घ्यावे लागते. माझे म्हणणे साधे आहे. लग्नाच्या रजेला सेवानियमांत स्वतःचे नाव असावे, दिवस ठरलेले असावेत, आणि ती मागायची नसून वेळेवर कळवायची गोष्ट असावी.

तुम्ही म्हणाल, असे नाव नाही का? नाही. बाळंतपणाची रजा कायद्यात १९६१ पासून आहे, २०१७ साली ती २६ आठवड्यांची झाली. लग्नाची रजा मात्र केंद्राच्या कामगार कायद्यांत शोधून सापडत नाही. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांतही नाही. पण सरकारी माणसाचे त्यावाचून अडत नाही. त्याच्या खात्यावर वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते, न घेतल्यास ३०० दिवसांपर्यंत साठते, वर ८ दिवस किरकोळ. "सरकारी नोकरीतलाच जावई हवा" म्हणणाऱ्या आईला आपण हसतो. तिला पेन्शन दिसते असे आपल्याला वाटते. मला वाटते, तिला रजेचाही हिशेब कळत असावा.

कारखान्यातल्या मुलाचे गणित वेगळे. १९४८ च्या कारखाना कायद्याचा हिशेब असा होता, की वर्षात २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी कामाच्या २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा. म्हणजे २४० दिवसांना १२. संसदेने २०२० साली संमत केलेल्या नव्या संहितेने २४० चे १८० केले, विसास एक तसेच ठेवले. आता या बारा-पंधरा दिवसांतून चवथीचे पाच काढा (चवथीला घरी न जाणारा गोवेकर अजून जन्मायचा आहे), गावच्या जत्रेचे दोन, आईला डॉक्टरकडे नेण्याचे दोन-तीन. उरले चार-पाच. आणि नवीन लागलेल्याचे काय? त्याच्या खात्यावर पहिल्या वर्षी काहीच नसते. गंमत बघा, नोकरी लागली म्हणून लग्न ठरते आणि नोकरी नुकतीच लागली म्हणून रजा मिळत नाही.

त्यात गोव्यातले लग्न एका दिवसात उरकत नाही. बाहेरच्या साहेबांना हे सांगून पटत नाही. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे आधी दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन पहिली सही करायची, मग हरकतींसाठी मुदत, मग साक्षीदारांना घेऊन दुसरी सही. रविवारी ते कार्यालय बंद. म्हणजे मांडवाची पहिली कांब रोवण्याआधीच दोघांचे दोन दिवस गेले, शिवाय साक्षीदार मित्रांचेही गेले. जन्मदाखल्यात आईचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यात दुसरे निघाले, की आणखी एक खेप. मग देवकार्य, चुडा, हळद, प्रत्यक्ष लग्न, सत्यनारायण, कुळदेवाचे दर्शन. मंगेशी किंवा म्हार्दोळला जाऊन येणे तसे अर्ध्या दिवसाचे काम. पण काणकोण किंवा पेडण्याहून निघालेल्या नव्या जोडप्याला वाटेत तीन घरी चहाला थांबावे लागते, म्हणून पूर्ण दिवस धरावा. मोजा बरे! हनिमूनची तिकिटे अजून पिशवीतच आहेत.

हे सगळे सर्वांत जास्त जाचते हॉटेलात काम करणाऱ्या मुलांना. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल पर्यटनावर पेटते. परदेशी पर्यटकांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, त्यातही नाताळ आणि नवे वर्ष म्हणजे श्वास घ्यायला उसंत नाही. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी पडली की देशी पर्यटक. आता पंचांग उघडा. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना सुरुवात होते, ती कार्तिक अखेर आणि मार्गशीर्षात. पौष सोडला की माघ-फाल्गुन. मग वैशाख. मुहूर्तांचा हंगाम आणि पर्यटकांचा हंगाम असे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. ज्या पावसाळी महिन्यांत हॉटेलचा मॅनेजर हसत हसत रजा देतो, त्या महिन्यांत देव झोपलेले असतात! पंचांगकर्ते हल्ली चातुर्मासातही आपत्कालाचे मुहूर्त देतात. आपत्काल म्हणजे काय, असे आमच्या भटजींना एकाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "मुलाला नोव्हेंबरात रजा मिळत नाही, हा आपत्कालच."

माझ्या ओळखीचा एक मुलगा कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. डिसेंबरमध्ये त्याचे लग्न झाले. मिळाले चार दिवस, त्यातला एक साप्ताहिक सुट्टीचा. पाचव्या दिवशी तो कामावर हजर झाला तेव्हा त्याच्या वाट्याला आलेले पहिले काम होते दिल्लीहून आलेल्या नव्या जोडप्याची खोली सजवण्याचे. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलांचे दोन हंस, चोची जुळवलेले. त्याने ते केले, आणि चांगले केले. हातावरची हळद अजून उतरली नव्हती. मला ही गोष्ट त्याने तक्रार म्हणून सांगितली नाही, हसत सांगितली. त्याची बायको तेव्हा घरात नुकत्याच ओळख झालेल्या आठ माणसांत बसली होती. ती हसली असेल असे मला वाटत नाही.

देशभरातली जोडपी हनिमूनला गोव्यात येतात. त्यांना त्यांच्या साहेबांनी सोडले, म्हणून आपल्या हॉटेलांची खोल्याभाडी सुटतात. तो धंदा इथल्या मुलांच्या हातून चालतो, आणि त्यांच्या हनिमूनचा विषय काढला की "तुला कशाला रे हनिमून, तू राहतोसच गोव्यात!" हा विनोद ठरलेला. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की आता हसण्याचे सोंगही करवत नाही.

लग्नाला रजा, इथपर्यंत जुनी माणसेही मान डोलावतात. हनिमूनचे नाव काढले की कपाळाला आठी पडते. "आमच्या वेळी कुठे होते हे?" नव्हते, खरे आहे. पण तुमच्या वेळी नवी सून पुन्हा पुन्हा माहेरी जाऊन येत असे, सणावारांनी वर्षभर तिला थोडे थोडे करून या घरात आणले जात असे. पहिल्या श्रावणातले आयतार, पहिल्या चवथीचे माहेरून येणारे वजे, हे सगळे तिला रुळवण्याचेच मार्ग होते. आता ती स्वतः नोकरीला जाते, त्या वर्षभराच्या रुळण्याला तिच्याकडेही रजा नाही आणि त्याच्याकडेही नाही. ठरवून झालेल्या लग्नात दोघे आधी भेटलेली असतात मोजून पाच-सहा वेळा, त्यातल्या निम्म्या वेळा सोबत कोणी ना कोणी. घर लहान, न्हाणीघर एक, भिंतीपलीकडे धाकटा दीर परीक्षेचा अभ्यास करतोय. अशा दोघांना आठवडाभर कोणी ओळखत नाही अशा गावी जाऊन नीट बोलता यावे, भांडता यावे, कोणाला चहात साखर किती लागते हे कळावे, यात चैन कसली? मला विचाराल तर रिसेप्शन रद्द करा, आइस्क्रीमचा स्टॉल काढा, पण हे दिवस ठेवा. मनाली-उटीच हवी असे नाही. आंबोलीही चालते.

मुलीची बाजू अजून वाईट. मुलगा रजेचा अर्ज घेऊन गेला की आधी "अभिनंदन" ऐकू येते. मुलगी गेली की आधी "मग पुढे नोकरी करणार ना?" मुलाखतीतच "लग्न कधी?" असे विचारतात, आणि ती "इतक्यात नाही" म्हणते. मग सहा महिन्यांत लग्न ठरले की जणू तिने फसवले. खाजगी शाळा, दवाखाने, छोटी ऑफिसे यांत नव्या मुलीला पंधरा दिवस मागण्यापेक्षा राजीनामा देणे सोपे वाटते. "लग्नानंतर बघू दुसरी." माझ्या पाहण्यातल्या तिघींनी असे केले. त्यांतल्या एकीला दुसरी नोकरी मिळाली, तीही आधीच्यापेक्षा कमी पगारावर. दहा दिवसांच्या रजेची किंमत कुणाला मोजावी लागते, ते यावरून कळते. पगारपत्रकात ती कुठे दिसत नाही इतकेच.

आखातात किंवा जहाजावर असलेल्या मुलांबद्दल वेगळे लिहायला हवे, आज नको. एवढेच सांगतो, की महिन्याच्या एका सुट्टीत मुलगी पाहणे, साखरपुडा, सह्या, लग्न आणि परतीचे विमान बसवणारी घरे मी पाहिली आहेत. ती घरे वेळापत्रक इतके चोख आखतात की कदंबाने त्यांच्याकडून शिकावे.

आता एक गोष्ट मला नेहमी चुटपूट लावते. आपला कौटुंबिक कायदा आपण पोर्तुगालकडून घेतला. तिथली १८६७ ची नागरी संहिता, तिच्यातली समाईक मालमत्ता, या गोष्टींचे आपण भाषणांतून कौतुक करतो. त्या पोर्तुगालात पुढे कामगार कायदा झाला, आणि त्यात आज लग्नासाठी सलग १५ दिवस गैरहजर राहणे समर्थनीय मानले आहे, पगार न कापता. शेजारच्या स्पेनमध्येही १५ दिवस. श्रीमंत युरोपची गोष्ट सोडा म्हणाल, तर व्हिएतनामच्या कायद्यात स्वतःच्या लग्नासाठी ३ पगारी दिवस आहेत, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी आईबापांना १ दिवस. तो एक दिवस मला विशेष आवडला. वधूपित्यालाही साहेब असतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले! आपल्याकडे सह्या दोन आल्या, रजा आली नाही. अर्थात ती १९६१ नंतरची त्यांची गोष्ट, आपल्याला येणार कशी? पण आपण स्वतः करायला कोणी हात धरला होता?

मालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. मोठ्या कंपन्या लग्नाला चार-पाच दिवस वेगळे देतातही, तिथे माणसे असतात. ज्याच्या दुकानात तीनच कामगार आहेत, त्याने एकाला बारा दिवस सोडायचा तर गल्ल्यावर बसायचे कोणी? फोंड्यात एक हार्डवेअरचे दुकान आहे, त्याच्या मालकाला मी हेच विचारले. तो म्हणाला, "लग्न मला तीन महिने आधी कळते. ताप आला ते सकाळी नऊ वाजता कळते. आता सांग, अडचण कशाची?" तो दहा दिवस देतो, पगारासकट. अट एकच, चवथीच्या आधीचा आठवडा नको, तेव्हा रंगाच्या डब्यांना गिऱ्हाईक असते. चवथीआधी मुहूर्त नसतात हे त्यालाही माहीत आहे, पण अट घालायला मालकाला आवडते.

लग्न न करणाऱ्यांचे काय, त्यांना का नाहीत हे दिवस, असा प्रश्न एका मित्राने केला. बरोबर आहे. नोकरीच्या उभ्या आयुष्यात एकदा घेण्याचे दहा दिवस, ज्याला लग्नाला हवेत त्याने लग्नाला घ्यावेत, इतरांनी काशीला जावे किंवा घराचे कौलारू शाकारावे. माझी काही हरकत नाही.

खरी गाठ आहे ती कंत्राटी मुलांची, आणि हॉटेलांत, इस्पितळांत, कारखान्यांत आता तीच जास्त. रजा मागितली की हॉटेलवाला म्हणतो कंत्राटदाराला विचार, कंत्राटदार म्हणतो हॉटेल सोडत असेल तर माझे काय जाते. दोघांच्या मध्ये मुलगा पत्रिका घेऊन फिरतो. बारा दिवस नसला तर पगार नाही, आणि परत आल्यावर जागा असेलच याचीही खात्री नाही. नियम करायचा तर आधी त्यात हे लिहावे लागेल, की त्याचा अर्ज घ्यायचा कोणी आणि त्या दिवसांचे पैसे द्यायचे कोणी.