साठीनंतर हाफ तिकीट

एसटीत पासष्टी गाठलेल्या प्रवाशाला अर्धे तिकीट लागते आणि पंचाहत्तरी गाठली की तिकीटच लागत नाही. मोटारगाडीच्या वाट्याला मात्र उलटा न्याय आलेला आहे. तिने पंधरा वर्षे ओलांडली की नोंदणीच्या नूतनीकरणाला ५ हजार रुपये; २०२२च्या एप्रिलपूर्वी याच कामाला ६०० पडत. वीस वर्षे ओलांडली, तर ऑगस्ट २०२५ पासून १० हजार, तेही पाचच वर्षांसाठी. पर्यावरण कर वेगळा. वय वाढेल तसा दर चढवणारे दुसरे खाते आरोग्यविम्याचेच असावे.

मात्र गाडीने पन्नाशी गाठली, की तीच भंगारातली बाई एकदम मानाची होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १५ जुलै २०२१ रोजी दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘विंटेज’ नोंदणीची सोय झाली. महिनाभराच्या आत, १३ ऑगस्टला, जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाचाही थाटात शुभारंभ झाला. एका हाताने नारळ, दुसऱ्या हाताने हार.

लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर रोल्स रॉइस शोधायला कोणी जाणार नाही. इथली विंटेज म्हणजे डॉक्टरसाहेबांची फियाट, आडत्याची अँबॅसडर, निवडणुकीत तीन पक्षांचे झेंडे आळीपाळीने मिरवून आलेली महिंद्रा जीप आणि मास्तरांची चेतक. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४चे, चेतक १९७२ची. म्हणजे पहिल्या तुकडीतल्या गाड्या आता पात्र आहेत.

आता हिशेब करू. विंटेज म्हणून पहिली नोंद २० हजार रुपयांना, मुदत दहा वर्षे. साध्या नोंदणीत राहिले तर दर पाच वर्षांनी १० हजार, म्हणजे दहा वर्षांचे तेवढेच २० हजार. दर सारखाच, फरक एवढाच की साध्या नोंदणीवर गाडी बाजारात, लग्नाला, शेतावर नेता येते आणि विंटेज नोंदणीवर रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. खरी सवलत पहिली दहा वर्षे सरल्यावर: फेरनोंदणी ५ हजारांत, साध्या दराच्या निम्मी. म्हणजे गाडीलाही हाफ तिकीट आहे, फक्त ते साठीनंतर आहे आणि प्रवासाला बंदी आहे. चेतकवाल्या मास्तरांची गत त्याहून वाईट. साध्या नूतनीकरणात वीस वर्षांवरच्या दुचाकीला २ हजार लागतात. विंटेजच्या मानासाठी त्यांनी २० हजार मोजायचे. त्या किमतीत आणखी एखादी जुनी चेतक दारात येईल.

पैशांचे एक वेळ जाऊ द्या. खरी मेख पुढे आहे. गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको, असे नियम सांगतो. मराठवाड्यात पन्नास वर्षे टिकलेली गाडी टिकली कशी, हे नियम लिहिणाऱ्याने एकदा नांदेडच्या देगलूर नाक्यावरच्या मिस्त्रीला विचारायला हवे होते. १९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा कितीतरी जणांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. पत्रा सडला, तिथे वेल्डिंग झाले. मूळ सुटा भाग मिळेना, तेव्हा लेथवर घडवून घेतला. जी गाडी माणसांच्या उपयोगी पडली ती बदलत गेली, म्हणून ती ऐतिहासिक नाही. जी शेडमध्ये कापडाखाली निजून राहिली ती ऐतिहासिक. या न्यायाने मुंबईच्या संग्राहकाची गाडी विंटेज ठरते आणि औशाच्या शेतकऱ्याची जीप खटारा.

कागदांची गंमत निराळी. लातूर जिल्हा १९८२च्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे आज विंटेज ठरू शकणारी लातुरातली प्रत्येक गाडी जिल्ह्याहून वडील आहे. तिच्या जुन्या कागदावर पत्ता असायचा तो जिल्हा उस्मानाबाद, आणि त्याचेही आता धाराशिव झाले. नांदेडात कोणाकडे १९५६च्या आधीची मोटार निघालीच, तर तिचे मूळ कागद ज्या हैदराबाद राज्याचे, ते राज्यच नकाशावर उरलेले नाही. अर्जासोबत जुने नोंदणीपत्र जोडा, असे नियम म्हणतो. जुना नंबर कायम ठेवता येतो, हे त्यातल्या त्यात बरे. नवा घेतला, तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते आणि जिल्ह्याचा आकडा गळतो. एमएच-२४ आणि एमएच-२६ काचेवर मोठ्या अक्षरांत मिरवणाऱ्यांना हे पटवायचे कोणी?

बाहेरचे देश जुन्या गाडीला सवलत देतात ती चालवण्यासाठी. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये तीस वर्षांवरच्या गाडीची स्वस्तात नोंदणी होते आणि वर्षाचे साठ दिवस ती वाटेल तिथे न्यायची मुभा असते. मात्र प्रत्येक फेरी वहीत टिपावी लागते. आपल्याकडे साठ नको, तीस दिवस द्या, दुचाकीची फी दुचाकीसारखी ठेवा आणि आरसीवर रीतसर चढवलेले इंजिन ग्राह्य धरा. इतके केले तरी पुष्कळ गाड्या भंगारवाल्याच्या काट्यावरून परत येतील.

तोवर नियमातली एक फट लक्षात ठेवलेली बरी. विंटेज गाडी रस्त्यावर आणायला प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल आणि ‘तांत्रिक संशोधन’ एवढी कारणे चालतात. रॅली मुंबईत, ती पाचशे-सहाशे किलोमीटरवर. संशोधनाला मात्र अंतराची अट दिसत नाही. तुरीची दोन पोती डिक्कीत टाकल्यावर १९७४ची पद्मिनी लातूरच्या गंजगोलाईपासून बाजार समितीपर्यंत किती पेट्रोल पिते, हा प्रश्न कोणत्याही विद्यापीठाने अद्याप हाती घेतलेला नाही.